ज्येष्ठतेनुसार खिडकी

"घटसर्पाची म्हैस अशी घुरघुरते," असं म्हणून डॉक्टर ढवणबाईंनी माझ्या टेबलासमोर उभं राहून, मान पुढं काढून, घशातून असा काही आवाज काढला की बाहेर स्टुलावर पेंगणारा शिपाई दार ढकलून आत डोकावला आणि पाणी आणू का म्हणाला.

"आणि ही दुसरी," म्हणून त्यांनी आणखी एक आवाज काढला. माझ्या कानाला दोन्ही आवाज सख्ख्या भावांसारखे वाटले.

"यातली पहिली म्हैस संध्याकाळपर्यंत मरते, आणि वस्तीतल्या आणखी चार-दोन घेऊन जाते. दुसरीच्या घशात आंब्याची कोय अडकलेली असते. चौगुलेसाहेब, फोनवर हे मला कोण सांगणार? फोनवर सगळ्याच म्हशी मरायला टेकलेल्या असतात. मला बघायला पाहिजे, ऐकायला पाहिजे. तुमच्या त्या भिंतीला माझ्यापुरतं एक भोक पाडा."

मी तेव्हा आमच्या दूध संघाचा संगणक विभागप्रमुख होतो. विभाग म्हणजे मी, दोन पंखे आणि सर्व्हरची कुलूपबंद खोली. त्या खोलीत ती भिंत होती. दिसायला लहान टिफिनच्या डब्याएवढी, पण संघातल्या कुठल्याही संगणकावरून बाहेरच्या जगात काय जाऊ द्यायचं आणि बाहेरून काय आत येऊ द्यायचं, हे ती ठरवायची. म्हणजे मी ठरवायचो. म्हणजे चेअरमन बापूसाहेब ठरवायचे आणि शिव्या मला पडायच्या.

भिंत बांधायला दोन कारणं घडली. पहिलं कारण उंदीर. पेढ्याच्या परातीत बसलेल्या एका उंदराचा फोटो कुणीतरी मोबाइलवर काढला आणि तो जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर आला. बापूसाहेबांनी ताबडतोब कारवाई केली. उंदरावर नाही, मोबाइलवर. त्या दिवसापासून सगळ्यांचे फोन फाटकावरच्या लाकडी खणांत ठेवायचे आणि घरी जाताना घ्यायचे, असा नियम झाला. दुसरं कारण गाणं. वाहतूक विभागातल्या एका रसिकानं कुठूनतरी लावणी उतरवून घेतली, तिच्याबरोबर एक विषाणू आला आणि त्यानं गावोगावच्या दुधाच्या फॅटच्या नोंदी खाऊन टाकल्या. दूध घालणाऱ्या बायका कळशा घेऊन संघाच्या दारात बसल्या. त्यातल्या एकीनं मला विचारलं होतं, "आमच्या म्हशीनं फॅट दिलं, ते तुम्ही कुठं सांडलं?" म्हणून बंदी मी मागंपुढं न बघता घातली. गाणी बंद, चित्रफिती बंद, ई-मेलबरोबर येणाऱ्या फायली बंद. पेनड्राइव्हच्या भोकांत मी स्वतः एम-सील भरलं.

त्यानंतर जिन्यात माझ्या नमस्काराला कुणी उत्तर देईना. कँटीनमध्ये माझ्या चहावर कधी साय नसायची, आणि दूध संघाच्या कँटीनमध्ये ही साधी गोष्ट नव्हे.

तरी मी काही दगड नव्हतो. भांडारातल्या माणसाला सुट्या भागांचे दर बघायला लागायचे, ती एक जागा उघडून दिली. विक्रीवाल्यांना बाजारभाव लागायचे, ती दिली. ज्याला जे लागतं तेवढंच उघडायचं, अशी माझी रीत. पण ढवणबाईंचं काम असं जमण्यासारखं नव्हतं. वरच्या डोंगराळ पट्ट्यातल्या वस्त्यांत दूध केंद्राचे सचिव आजारी जनावराची चित्रफीत काढायचे आणि केंद्रातल्या, आमच्या भिंतीबाहेरच्या संगणकावरून एका संकेतस्थळावर चढवायचे. त्याच ठिकाणी जगातली सगळी गाणी, कीर्तनं आणि कुस्त्याही होत्या. म्हशीपुरतं दार उघडावं आणि लावणीपुरतं लावावं, एवढी अक्कल त्या डब्यात नव्हती. एखादा संगणक पूर्ण मोकळा करता यायचा, आणि असे जास्तीत जास्त दहाच. डबा स्वस्तातला होता.

बाई कंत्राटी होत्या. वरच्या पट्ट्याला डॉक्टर त्या एकट्या, गाडी एक, आणि रस्ता असा की एका टोकाला गेलं की तो दिवस त्या टोकाचाच. कुठं जायचं हे सकाळीच ठरवायला लागायचं. मी बापूसाहेबांकडं गेलो आणि शब्द टाकला. बापूसाहेब तेव्हा आरशात बघून फेटा बांधून घेत होते. कुठंतरी उद्‌घाटन होतं. "म्हशीचं काम हाय म्हटल्यावर इचारायचं काय त्यात?" म्हणाले. मी खाली आलो आणि बाईंचा संगणक मोकळा केला.

पावसाळ्याच्या तोंडावर फणसमाळचा सचिव सटूप्पा गावडे यानं एक चित्रफीत पाठवली. बाईंनी ती बघितली, उठल्या, लसीची पेटी घेऊन गाडीत बसल्या. त्या वस्तीत घटसर्पानं एकच रेडकू गेलं, बाकीचा गोठा वाचला. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका वस्तीतली चित्रफीत बघून त्यांनी फोनवरच सांगितलं, जबडा धरा, हात आत घाला, कोय निघेल. कोय निघाली. संघात बाईंचं कौतुक झालं. आणि त्या कौतुकातून ही गोष्ट फुटली, की ढवणबाईंच्या संगणकाला खिडकी आहे.

'खिडकी' हा शब्द शिंत्रेअण्णांचा. शिंत्रेअण्णा म्हणजे मुख्य लेखापाल आणि कर्मचारी संघटनेचे अध्यक्ष. पहिल्या पदावर ते कमी बोलायचे आणि दुसऱ्या पदावर ती कसर भरून काढायचे. ते माझ्याकडं आले, खुर्ची ओढून बसले आणि अगदी मायेनं म्हणाले, "चौगुले, कालच्या कंत्राटी बाईला खिडकी, आणि आम्ही काय भिंतीकडं तोंड करून बसायचं व्हय?"

मी विचारलं, अण्णा, तुम्हांला काय बघायचंय ते सांगा, तेवढं उघडून देतो. अण्णांना राग आला. काय बघायचं हे खिडकी मिळाल्यावर माणूस ठरवतो, आधी सांगून कोण बघतं, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य नव्हतं असं मला आजही म्हणता येत नाही.

संघटनेची सभा झाली. एकही माणूस बाईंच्या विरुद्ध बोलला नाही. सगळे समतेच्या बाजूनं बोलले. प्रकरण बापूसाहेबांसमोर गेलं तेव्हा मी हजर होतो. एकूण दहा खिडक्या निघू शकतात हे मी सांगितलं, आणि त्या ज्याच्या कामाला लागतात त्यालाच द्याव्यात, असंही सांगितलं. बापूसाहेबांनी माझ्याकडं, वडील माणसानं वेड्या पोराकडं बघावं तसं बघितलं.

"गरज सगळ्यांनाच असती, चौगुले. गरजेवर वाटाय लागलो तर उद्या डोकी फुटतील. क्वार्टर्स कशा दिल्या? ज्येष्ठतेनं. दिवाळीला तुपाचे डबे कसे देतो? ज्येष्ठतेनं. ज्येष्ठतेला कोण नाव ठेवत न्हाई. तसंच करा."

पद्धत होती ती. आमच्याकडं पंखा बदलायचा तरी आधी सर्वांत जुन्या माणसाच्या डोक्यावरचा बदलत. बापूसाहेबांना धरून सेवाज्येष्ठतेनं वरून मोजत आले आणि दहा खिडक्या संपल्या. कंत्राटी माणसाला ज्येष्ठताच नसते. त्यामुळं ढवणबाई अकराव्या नव्हत्या, बाराव्याही नव्हत्या. त्या मोजणीतच नव्हत्या. ज्यांच्यासाठी पहिली खिडकी पाडली, त्यांचीच मला बुजवावी लागली.

बाकीच्यांचं काय सांगावं. बापूसाहेबांच्या केबिनमध्ये त्यांचा मेहुणा दिवसभर कुस्त्या बघायचा. शिंत्रेअण्णा सकाळी हिशेबाला बसण्यापूर्वी कीर्तन लावायचे आणि कीर्तनकार थांबेपर्यंत हिशेबाला बसायचे नाहीत. पण सगळ्यांवर कडी म्हणजे रवानगी विभागाचे मगदूम. ज्येष्ठतेत ते चौथे. त्यांना खिडकी मिळाली. संगणक मात्र नव्हता. त्यांच्या विभागात तो कधी पोचलाच नव्हता. कॅन मोजायला काय करायचाय? म्हणजे संघात एक खिडकी अशी होती जिला मालक होता पण खोली नव्हती.

मी मगदुमांकडं गेलो. म्हटलं, मामा, तुमची खिडकी ढवणबाईंना वापरायला द्या, तुम्हांला तिचा काही उपयोग नाही. मगदूम भला माणूस. डोळ्यांत पाणी आणून ऐकत होते. स्वतःच्या दारात त्यांची दोन म्हसरं होती.

"द्यायला काय वो," ते म्हणाले. "पण लोक म्हणतील, मगदुमानं हक्क सोडला. एकदा सोडला की पुन्हा गावतोय व्हय? उद्या संगणक आलाच तर?"

मग मी माझीच खिडकी बाईंना वापरू दिली. विभागप्रमुख म्हणून सर्व्हरच्या खोलीत एक मोकळा संगणक माझ्यासाठी होता, तो दहांच्या मोजणीबाहेर. बाई सकाळी यायच्या, एसीच्या थंडीनं पदर घट्ट ओढून त्या खोलीत बसायच्या, चित्रफिती बघायच्या, कागदावर वस्त्यांची नावं लिहून निघायच्या. असं काही दिवस बरं चाललं. मग शिंत्रेअण्णांनी दारावर चिकटवलेली पाटी वाचली. पाटी मीच लिहिली होती: बाहेरील व्यक्तींना प्रवेश नाही.

"कंत्राटी म्हणजे बाहेरचीच की," अण्णा बापूसाहेबांना म्हणाले. "उद्या काय इपरीत झालं तर चौगुलेंच्याच अंगाशी येईल. मी त्यांच्या भल्यासाठी बोलतोय." बापूसाहेब माझ्याकडं वळले आणि नियम तुमचाच आहे ना, एवढंच विचारलं. नियम माझाच होता. तो मी वाहतूक विभागातल्या रसिकासाठी केला होता, हे सांगून काही उपयोग नव्हता.

त्यानंतर बाई संध्याकाळी सुटल्यावर स्कूटीनं गावातल्या सायबर कॅफेत जायच्या आणि सकाळी आलेल्या चित्रफिती तिथं बघायच्या. कॅफे उघडायचाच दुपारनंतर, आणि बाईंचा फोन साधा, बटणांचा, नुसता बोलण्यापुरता. मरणाऱ्या म्हशीला संध्याकाळपर्यंत थांबायला सांगण्यासारखंच होतं ते. पण पावसाचा जोर ओसरला होता, लसी बऱ्याच टोचून झाल्या होत्या, आणि नशीबही काही काळ थांबतं.

एका सकाळी दोन फोन आले. एक फणसमाळहून सटूप्पाचा, दुसरा अगदी उलट्या टोकाच्या खडकेवाडीहून. दोन्हीकडं म्हैस पडली होती. दोन्हीकडं घुरघुर होती. दोघांनीही चित्रफिती चढवल्या होत्या, दोघांनीही बाई, लवकर या, असं सांगितलं होतं. गाडी एक. बाई थेट माझ्याकडं आल्या. त्यांच्या हातात गाडीची किल्ली होती.

"मला फक्त दोन मिनिटं द्या," त्या म्हणाल्या. "कुणाच्याही संगणकावर. उभ्याउभ्या बघते."

सर्व्हर खोलीची किल्ली अण्णांच्या सांगण्यावरून आता आस्थापना विभागात असायची आणि आस्थापनेचा माणूस तालुक्याला गेला होता. बापूसाहेबांची केबिन बंद होती. बाकीचे खिडकीवाले अण्णांकडं बोट दाखवून मोकळे झाले. आम्ही दोघं लेखा विभागात गेलो. शिंत्रेअण्णांच्या टेबलाशेजारी लेखापरीक्षक बसले होते, समोर बशीत काजू होते. मी अण्णांच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. म्हैस, दोन वस्त्या, दोन मिनिटं.

अण्णा आवाज न चढवता म्हणाले, "चौगुले, माणसं बसल्यात. पाव्हण्यांच्या पुढं मशीचा घसा कुठं लावता? चारनंतर या. निवांत बघा, मी चहा सांगतो."

बाई जवळच उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं. त्या वाद घालायला थांबल्या नाहीत. मगदुमांकडं जायचं का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "त्यांच्याकडं हक्क आहे, पडदा नाही." मग त्या फाटकाकडं चालत गेल्या आणि मी बरोबर गेलो. गाडीपाशी उभं राहून त्यांनी दोन्ही गावांची नावं एकदा मनातल्या मनात म्हटली असावीत, ओठ हलले.

"खडकेवाडीत यंदा लस द्यायची राहिलीय," त्या म्हणाल्या. "फणसमाळला दिली होती. म्हणजे असला तर खडकेवाडीतच असणार. बरोबर ना?"

मला त्यातलं काय कळणार? मी बरोबर म्हणालो. कुणीही बरोबरच म्हटलं असतं.

खडकेवाडीत म्हैस फुगली होती. ओला चारा जास्त झाला होता. बाईंनी नळी घालून वारा काढला आणि म्हैस उठून उभी राहिली. तिथून त्यांनी केंद्राच्या फोनवरून फणसमाळला फोन लावला, तेव्हा सटूप्पानं पहिली म्हैस गेल्याचं सांगितलं. नंतर कळलं की मागच्या बाजारात वस्तीतल्या दोघांनी खालच्या मुलखातून नवी जनावरं आणली होती, लसीशिवाय. रोग त्यांच्याबरोबर चढला होता, आणि मागच्या लसीचा जोर तोवर ओसरला होता. बाई दुसऱ्या दिवशी पोचल्या तेव्हा वस्तीवर दूध देणारं जनावर मोजकंच राहिलं होतं. पहिली म्हैस रखमाबाई शेळके नावाच्या बाईची. एकटी बाई, त्या म्हशीवर तिचं घर होतं. पुढच्या आठवड्यात ती वस्ती सोडून लेकीकडं गेली, एवढं सटूप्पानं सांगितलं.

चौकशी झाली. बापूसाहेब कठोर नव्हते. त्यांनी बाईंना खुर्ची दिली. चित्रफीत किती वाजता आली, असं त्यांनी मला विचारलं. सकाळीच आली होती. मग बाईंनी ती का बघितली नाही? बाईंनी सांगितलं. शिंत्रेअण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी न्हाई म्हटलं असलं तर चौगुलेंनीच सांगावं. चारनंतर या म्हटलं का न्हाई?"

म्हटलं होतं. मी तेही सांगितलं आणि पुढं म्हणालो, की चार वाजता बघून उपयोग नव्हता. ज्या खिडकीची खरी गरज होती तीच आपण बुजवली, हेही सांगितलं. बापूसाहेब म्हणाले, ते धोरण झालं. चौकशी धोरणाची नाही, म्हशींची आहे. निष्कर्ष असा निघाला की माहिती सकाळीच उपलब्ध असताना डॉक्टरांनी ती न पाहता चुकीच्या वस्तीला प्रस्थान केलं. कंत्राट पुढं वाढवायचं नाही, असं ठरलं. दुसरा ठराव एकमतानं झाला: पशुवैद्यकीय कामासाठी एक स्वतंत्र मोकळा संगणक मंजूर करण्यात यावा. डब्याची मर्यादा संपली होती, म्हणून माझाच मोकळा संगणक त्यासाठी काढला, आणि पद रिकामं असल्यामुळं तो सध्या बापूसाहेबांच्या केबिनबाहेर, त्यांच्या स्वीय सहायकाजवळ ठेवण्यात आला.

शेवटच्या दिवशी बाई माझ्या टेबलाशी आल्या. निरोपाचं काही बोलतील म्हणून मी उठून उभा राहिलो.

"फणसमाळची चित्रफीत मी अजून बघितली नाही," त्या म्हणाल्या. "एकदा बघायची आहे."

आम्ही पुन्हा लेखा विभागात गेलो. त्या दिवशी लेखापरीक्षक नव्हते आणि शिंत्रेअण्णांचा स्वभाव मुळात वाईट नव्हता. ते लगबगीनं उठले, स्वतःची खुर्ची रुमालानं पुसली, या की बाई, बसा, निवांत बसा, म्हणाले. कीर्तन चालू होतं ते त्यांनी मला बंद करायला सांगितलं. मी सटूप्पाची चित्रफीत लावली आणि आवाज वाढवला.

आधी अंधारा गोठा दिसला, मग म्हशीची मान, आणि मग तो आवाज आला. बाईंनी माझ्या खोलीत उभ्या राहून काढला होता, तोच. आता मला दोन आवाजांतला फरक कळत होता. लेखा विभागातली माणसं पेनं ठेवून बघायला लागली.

"पहिल्या श्वासाला कळतं," बाई म्हणाल्या. कुणाला उद्देशून म्हणाल्या कुणास ठाऊक. मग त्या उठल्या, अण्णांना आभारी आहे म्हणाल्या आणि फाटकावरच्या खणातून आपला फोन घ्यायला निघून गेल्या. त्यांची पावलं जिन्यात वाजत होती.

चित्रफीत थांबली नव्हती. पडद्यावर एक हात आला, काचेच्या बांगड्यांचा, म्हशीच्या कपाळावर फिरत राहिला. हाताच्या मालकिणीचं तोंड दिसत नव्हतं. आवाज तेवढा येत होता.

"बाई बघत्यात न्हवं रं सटूप्पा?"

"बघत्यात की," सटूप्पाचा आवाज आला. "हापिसात बसून बघत्यात. तू बोल, तुझं बी ऐकू जातं त्यांस्नी."

"बाई," तो आवाज म्हणाला, आणि पदर तोंडाला लावल्यासारखा दबला. "बाई, सकाळपास्नं हिनं पाणी बी घेतलं न्हाई बगा. तेवढं सांगा काय करू ते. मी हिथंच बसलेय."

शिंत्रेअण्णांनी माऊस हातात घेतला, पडद्यावर इकडंतिकडं फिरवला, चष्मा वर केला, खाली केला.

"चौगुले," ते हळूच म्हणाले, "हे बंद कसं करायचं?"

मी सांगितलं नाही. चित्रफीत संपेपर्यंत चालली.